‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणून घरी जाऊ नका

सीटीच्या खोलीचं दार उघडलं की बाहेर ताटकळलेले नातेवाईक आम्हा तंत्रज्ञांना एकच विचारतात, “नॉर्मल आहे ना हो?” रिपोर्ट देणं आमचं काम नाही, ते रेडिओलॉजिस्टचं. पण माणसं आमच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतात. आत कुणी ‘ब्लीड नाही’ एवढं म्हटलेलं कानावर पडलं की लगेच गावाकडे फोन जातो : “काही नाही रे, सीटी नॉर्मल आला. अशक्तपणा असेल. दोन सलाईन लावतो आणि घेऊन येतो घरी.” पेशंट मात्र तिथेच स्ट्रेचरवर असतो, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा.

हे लिहायला घेतलं ते त्या फोनपायी. मी डॉक्टर नाही, यंत्रापाशी बसणारी बाई आहे. कुठलं औषध घ्या हे मी सांगणार नाही. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रं कशी निघतात, त्यांत काय दिसतं आणि ती केव्हा काढून उपयोग असतो, हे माझं रोजचं काम आहे. तेवढ्यापुरतं ऐका.

साध्या सीटीत कवटी दिसते, मेंदूचा गर दिसतो, आणि कुठे रक्त सांडलं असेल तर ते लगेच पांढरं दिसतं. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्यांतून रक्त वाहतंय की थांबलंय, हे त्यात कळत नाही. कधीमधी अडकलेल्या गुठळीची पांढरी रेघ दिसते, पण ती दिसली नाही म्हणून गुठळी नाही असं होत नाही. पाटाचं पाणी तोडलं म्हणून ऊस त्याच दुपारी वाळत नाही. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला सगळं हिरवंच दिसतं. साधा सीटी म्हणजे बांधावरून टाकलेली नजर. पाणी कुठे अडलं हे बघायचं तर पाटाच्या कडेनं चालत जावं लागतं, आणि ते काम अँजिओग्राफीचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रांचं.

म्हणून हात लुळा पडलेल्या माणसाचा सीटी पहिल्या एक-दोन तासांत ‘नॉर्मल’ आला, तर त्याचा अर्थ असा घ्यायचा : मेंदूत रक्तस्राव नाही, आणि रक्ताविना पडलेला भाग अजून पुरता मेलेला नाही. वाचवण्यासारखं बरंच काही शिल्लक आहे. डॉक्टर त्या क्षणी धावपळ करतात ती याचसाठी. आणि नेमके त्याच क्षणी नातेवाईक निवांत होतात.

धावपळ कशाला, तेही सांगते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. साठवणूक काहीच नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडून उपचार झाला नाही तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. आपण ‘आधी भाच्याला विचारू, तो मेडिकलच्या दुकानात आहे’ म्हणून थांबतो, ती मिनिटं यात धरलेली आहेत.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या नळीतली गुठळी मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून बाहेर ओढून काढता येते. २०१५ साली एकापाठोपाठ एक आलेल्या अभ्यासांनी हा उपचार पक्का केला. पहिल्या सहा तासांत तो करतात आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही. पण ओढायची गुठळी आहे कुठे, कुठल्या नळीत, हे आधी दिसायला हवं. ते साध्या सीटीत दिसत नाही. त्यामुळे ‘सीटी नॉर्मल आहे’ असं ऐकलंत की पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा : “डॉक्टर, रक्तवाहिन्यांचा सीटी करायचा का? इथे होत नसेल तर कुठे होतो?”

हा एक प्रश्न पाठ करून ठेवा.

आता त्या खोलीत काय होतं ते. दंडाजवळ, शक्यतो उजव्या कोपराच्या खळगीत, जाड सुई लावतात. हिरव्या टोपणाची. गुलाबी टोपणाची सुई त्याहून बारीक असते. तिच्यातून सलाईन छान जातं, पण आम्हाला डाय, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं द्रावण, सेकंदाला चार-पाच मिलिलीटर या वेगानं सोडायचा असतो, म्हणून जाडच हवी. आधी लावलेली सुई काढून दुसरी टोचली की घरचे चिडतात, “किती टोचाल!” त्याचं कारण हे. यंत्राला दोन मोठ्या सिरिंज असतात, एकीत डाय, दुसरीत सलाईन. डाय साधारण साठ ते ऐंशी मिलिलीटर. तो हाताच्या शिरेतून हृदयात, तिथून महाधमनीत आणि मग मानेत चढतो. महाधमनीत तो पोचल्याचं पडद्यावर दिसलं की यंत्र सुरू होतं आणि छातीच्या वरच्या भागापासून टाळूपर्यंतची चित्रं काही सेकंदांत निघतात.

तेवढ्या वेळात पेशंटला गळ्यापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट गेल्यासारखं वाटतं, तोंडात लोखंड चोखल्याची चव येते, आणि लघवी झाल्याचा भास होतो. झालेली नसते. पण आधी सांगितलं नाही तर म्हातारी माणसं शरमेनं कासावीस होतात. नऊवारीतल्या एखाद्या आजी टेबलावरून उतरताना हळूच लुगडं चाचपून पाहतात. म्हणून मी आत नेतानाच सांगते, “आजी, गरम वाटेल, ओलं झाल्यासारखं वाटेल, काही झालेलं नसणार. हलू नका आणि मी सांगेन तेव्हा आवंढासुद्धा गिळू नका.” तुमच्या माणसाला ऐकू कमी येत असेल किंवा मराठी समजत नसेल, तर आत नेण्याआधी आम्हाला सांगा. पेशंट हलला की चित्र फिसकटतं, आणि पुन्हा डाय, पुन्हा किरण.

दागिन्यांचं बोलायलाच हवं. मानेची चित्रं काढताना मंगळसूत्र बरोबर मध्ये येतं आणि धातूच्या पट्ट्या चित्रभर पसरतात. कानातलं, नथ, केसातले आकडे, कवळी, सगळं तेच करतं. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की कधी पेशंट नाही म्हणते, कधी सासूबाई. काढून पदराच्या गाठीत बांधा, नवऱ्याच्या खिशात द्या, तुमचं समाधान होईल ते करा. पण त्यावरून दहा मिनिटं वाद घालू नका. एमआरआयच्या खोलीत तर धातू न्यायचाच नसतो. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनातली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं आधी सांगायचं.

चित्रं आली की संगणक हाडं बाजूला करतो आणि पडद्यावर नुसत्या रक्तवाहिन्या उरतात. मानेतून पुढच्या बाजूनं दोन मोठ्या, मागून मणक्यांतल्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन, आणि मेंदूच्या तळाशी चौघींना जोडणारं कडं. बंद पडलेली नळी ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. उजवीकडे नळी कवटीत शिरते, बाजूला वळते, तिला फाटे फुटत जातात. डावीकडे ती शिरते, वळते आणि संपते. पुढे काळं. कधी मागच्या बाजूच्या बारीक वाहिन्या उलट्या दिशेनं थोडं रक्त आणून देत असतात. ज्यांच्या डोक्यात ही आडवाट चांगली असते त्यांना जरा जास्त वेळ मिळतो. कोणाची चांगली आणि कोणाची नाही, हे बाहेरून सांगता येत नाही.

डायची भीती लोकांच्या मनात खोल बसलेली आहे. “डायनं किडनी जाते”, “डाय दिला आणि माणूस गेला” असं कुणी ना कुणी ऐकलेलं असतं. ही भीती हवेतून आलेली नाही. क्ष-किरण १८९५ पासून हाडं दाखवत होते, पण मेंदूच्या नळ्या त्यांना दिसत नव्हत्या. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी ठरवलं की रक्तातच किरण अडवणारं काहीतरी मिसळायचं. गाऊटनं त्यांच्या हाताची बोटं आखडलेली होती, त्यामुळे टोचायचं काम तरुण सहकारी आल्मेदा लिमा करत. मान चिरून धमनी उघडी करायची आणि तिच्यात द्रावण सोडायचं. आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं, त्यात एक रुग्ण दगावला. मग त्यांनी सोडियम आयोडाइड घेतलं आणि २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा स्वच्छ दिसल्या. मोनीझना पुढे १९४९ साली नोबेल मिळालं, पण ते यासाठी नाही. मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिळालं, जी वैद्यकानं नंतर टाकून दिली. नोबेल द्यायचंच होतं तर या चित्रांसाठी द्यायला हवं होतं, असं माझं आपलं मत.

त्यानंतर काही वर्षं थोरियम असलेला एक डाय चालला. चित्रं सुंदर यायची, पण तो शरीरातच राहायचा, किरणोत्सर्गी होता, आणि पुढे कित्येक वर्षांनी रुग्णांना त्यामुळे कर्करोग झाले. तेव्हा डायला घाबरणारे अगदीच वेडे नव्हते. पण आजचा डाय तो नव्हे. आज आयोडीन असलेलं, बरंच सुधारलेलं द्रावण वापरतात, मान चिरावी लागत नाही, आणि किडनी ठीक असेल तर ते साधारण एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि तारेवरून सरकणारी नळी ही युक्ती काढली, त्यामुळे चिरफाड थांबली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत काम करत, ती आपल्याकडे गाण्यांच्या तबकड्यांसाठी ओळखली जायची.

धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. अंगाला खाज, पित्ताच्या गांध्या, क्वचित घसा सुजून श्वास अडकणं हे होऊ शकतं, आणि त्याची औषधं हाताशी ठेवूनच डाय देतात. म्हणून तपासणी झाल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, तेव्हा ‘आमची एसटी जाईल’ म्हणून उठू नका. आधी कधी डायचा त्रास झाला असेल, किडनीचा आजार असेल, थायरॉइड वाढलेला असेल, दिवस गेलेले असतील, तर स्वतःहून सांगा. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. किडनी बिघडलेली असेल तर ती गोळी पुढचे ४८ तास बंद ठेवायला सांगतात. आणि कोकणातून, गोव्यातून आलेले पुष्कळ जण सांगतात, “आम्हाला कोळंबी चालत नाही, डायमध्ये आयोडीन असतं ना?” कोळंबीची अॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नाही. सांगायला हरकत नाही, पण तेवढ्यावरून तपासणी नाकारू नका.

पक्षाघाताच्या ताज्या झटक्यात, किडनीचा जुना आजार नसेल तर, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत न थांबता डाय द्यायला जागतिक मार्गदर्शक सूचनांची मोकळीक आहे. डॉक्टर तसं करत असतील तर ते निष्काळजी आहेत असं समजू नका. उलट एरवी, सवडीनं ठरलेल्या तपासणीत, किडनीचा रिपोर्ट न बघता कुणी डाय देऊ लागलं तर जरूर विचारा.

आता घरचं. अंगावरून वारं गेलं, हवा लागली, असं म्हणून अजूनही पेशंटला आधी मालिशवाल्याकडे नेतात. कबुतराचं रक्त चोळतात. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण मालिश पुढच्या आठवड्यातही होते आणि ते साडेचार तास पुन्हा मिळत नाहीत. तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय जड झाला, बोलणं बोबडं किंवा असंबद्ध झालं, एकाएकी दिसेनासं झालं, चालताना तोल जाऊ लागला, यातलं काहीही अचानक झालं की १०८ ला फोन करायचा. पाणी पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. कांदा हुंगवू नका. हार्ट अटॅकसाठी म्हणून ऐकलेली अॅस्पिरिनची गोळी तोंडात घालू नका. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे चेहरा बघून कुणालाच कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. सगळ्यात आधी साधा सीटी करतात तो एवढ्यासाठीच.

आणि घड्याळ बघा. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील : “शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं?” पहाटे पाचला उठले तेव्हा हात हलेना, असं असेल तर वेळ पाचपासून मोजत नाहीत. रात्री झोपले तेव्हापासून, किंवा मध्यरात्री लघवीला उठले आणि नीट चालत गेले असतील तर तिथपासून मोजतात. म्हणून जो रात्री जवळ झोपला होता, तोच माणूस सोबत यायला हवा. सरपंच, पोलीस पाटील, मोठे दीर नंतर येऊ देत. झोपेत झटका आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. एमआरआयनं किंवा रक्तपुरवठा मोजणाऱ्या सीटीनं मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे हे बघता येतं, आणि काहींना उशिराही उपचार मिळतो. सोबत गोळ्यांची पाकिटं आणा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती.

एक प्रकार लोक सर्रास अंगावर काढतात. हात दहा मिनिटं लुळा पडतो आणि आपोआप ठीक होतो. “आलं नि गेलं” म्हणून माणूस पुन्हा मोटारसायकलवर बसतो. हा मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो, आणि पुढच्या दोन दिवसांत धोका सर्वांत जास्त असतो. यात साधा सीटी जवळजवळ नेहमीच नॉर्मल येतो. इथे बघायच्या असतात मानेतल्या नळ्या, डॉपलर सोनोग्राफीनं किंवा अँजिओग्राफीनं. त्याच बाजूची नळी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली निघाली, तर ती साफ करण्याच्या शस्त्रक्रियेचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त. दिवाळीनंतर बघू, असं तिथे चालत नाही.

दुसरा प्रकार डोकेदुखीचा. रोजची अर्धशिशी वेगळी. क्षणात कळस गाठणारी, ‘आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं’ अशी डोकेदुखी, सोबत उलटी, मान कडक होणं किंवा शुद्ध हरपणं, हे रक्तवाहिनीवरचा फुगा फुटल्याचं लक्षण असू शकतं. पहिल्या सहा तासांत चांगल्या यंत्रावरच्या साध्या सीटीत असा रक्तस्राव सहसा सुटत नाही. दिवस उलटत जातील तसा तो पुसट होतो. म्हणून गोळी खाऊन तीन दिवसांनी येणाऱ्या पेशंटचं निदान अवघड होऊन बसतं. फुगा कुठे आहे हे सीटी अँजिओग्राफीत बहुधा कळतं. तरीही कधी डीएसए करावी लागते : नळी थेट मेंदूच्या धमनीपर्यंत नेऊन डाय सोडतात, आणि डायआधीचं चित्र डायनंतरच्या चित्रातून वजा करतात, म्हणजे हाडं निघून जातात. याहून स्पष्ट चित्र दुसरं नाही. पण तिच्यात झटका येण्याचा थोडा धोका असतो, शंभरात एकाहूनही कमी, तरी असतो. म्हणून ती गरजेपुरतीच.

तिसरी गोष्ट बायकांनी, आणि त्यांच्या घरच्यांनी जास्त, लक्षात ठेवायची. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, मग फिट. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीत आहे, आणि अंगातलं पाणी कमी झालं की या दुखण्याला वावच मिळतो. बाळंतिणीला फिट आली की बाहेरचं म्हणून उतारा करणारी घरं मी पाहिली आहेत. यातही साधा सीटी नॉर्मल दिसू शकतो, आणि धमन्यांची अँजिओग्राफीसुद्धा, कारण दुखणं शिरांत आहे. तिथे व्हेनोग्राफी लागते, सीटीची किंवा एमआरची. रिपोर्टमध्ये थोडं रक्त सांडलेलं दिसत असतानाही डॉक्टर रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू करतील. ते ऐकून हबकू नका, या आजारात तेच बरोबर आहे. वेळेत कळलं तर बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलची मुलं आहेत. त्यांच्या आईबापांसाठी एक वेगळं सांगणं. कानशिलावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. सुई नाही, डाय नाही, किरण नाहीत. सिकलसेलच्या मुलांत वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर झटक्याचा धोका मोठा असतो. अशा मुलांना ठरावीक अंतरानं रक्त दिल्यावर पहिला झटका येण्याचं प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी झालं, हे अमेरिकेतल्या अभ्यासानं १९९८ साली दाखवलं. तपासणी २ ते १६ वर्षं वयात करतात, नुसत्या वाहक मुलांना लागत नाही. ती सगळीकडे होत नाही हे मला ठाऊक आहे. पण आईबापांनी विचारलंच नाही तर ती कुठेच सुरू होणार नाही.

आता उलट बाजू. काहीही होत नसताना ‘फुल ब्रेन चेकअप’च्या पॅकेजमध्ये अँजिओग्राफी करून घेणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे : ते पैसे बीपीच्या यंत्रावर खर्च करा. मोठ्या माणसांत शंभरातल्या सुमारे तिघांच्या डोक्यात छोटासा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. तो कागदावर आला की मात्र झोप उडते, दरवर्षी स्कॅन सुरू होतात, आणि कुणीतरी ऑपरेशनचं नाव काढतं. ज्यांच्या सख्ख्या नात्यातल्या दोघांना असा फुगा झाला होता, किंवा ज्यांना किडनीत फोड होण्याचा आनुवंशिक आजार आहे आणि घरात अशा रक्तस्रावाचा इतिहास आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. इतरांनी नको. वर्षानुवर्षांची, ओळखीची अर्धशिशी असेल तरी नको.

रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरणारेही खूप भेटतात. ‘हायपोप्लास्टिक’ असं काही लिहिलेलं असतं आणि लोक गूगलवर शोधून रडकुंडीला येतात. ती नळी जन्मतःच बारीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. मेंदूच्या तळाशी जे कडं असतं त्याचं वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली ज्या ग्रंथात केलं, त्यातली चित्रं पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेन यांनी काढली होती. पण पुस्तकातल्यासारखं पूर्ण कडं प्रत्यक्षात निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. कुणाची एक बाजू बारीक, कुणाचा एक सांधा नाहीच. आणि डाय न देता केलेल्या एमआर अँजिओग्राफीत वाहतं रक्त दिसतं, नळीची भिंत नाही. रक्त हळू वाहत असेल तर नळी आहे त्याहून अरुंद, कधी बंदसुद्धा भासते. त्यामुळे अशा रिपोर्टवर थेट ‘ब्लॉक आहे’ म्हणून हाय खाऊ नका.

शेवटी कामाचं. आज, सगळे धडधाकट असताना, दोन गोष्टी शोधून ठेवा : तुमच्या तालुक्यात रात्री दोन वाजता सीटी कुठे चालू असतो, आणि गुठळी काढणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं. खेड्यातून मोठ्या शहरात पोचायला लागणारा वेळ सीटीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा आणि कोणता उपचार योजनेत आहे हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. विचारायला एकानं जायचं, सगळ्यांनी नाही, आणि तेवढ्यासाठी पेशंटला खोळंबवायचं नाही.

पुढच्या रुग्णालयात पाठवताना फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर शेकडो, आणि गुठळी काढणाऱ्या डॉक्टरांना ती सगळी फिरवून बघायची असतात. सीडी मागा, ती निघायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढंही थांबणं परवडत नसेल तर पेशंटला अॅम्ब्युलन्समधून पुढे जाऊ द्या, सीडी घेऊन एकजण मागून निघा, आणि इथल्या डॉक्टरांना तिथे फोन करायला सांगा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत तिथली टीम तयार असेल.